मसाल्याच्या डब्यातले स्क्रू

भगत मॅडमसमोर बंद पडलेला लॅपटॉप ठेवला, की त्या लगेच त्याला हात लावायच्या नाहीत. आधी समोरची खुर्ची ओढायच्या, मालकाला तिच्यावर बसवायच्या आणि म्हणायच्या, "याच्यात काय काय हाय, ते सांगा."

माणूस म्हणायचा, "काही नाही मॅडम, आपलं नेहमीचंच."

"नेहमीचं म्हंजे काय? नावं घ्या एकेक. मंग मले बोलू नोका, का हे राह्यलं न् ते राह्यलं."

आमच्या प्राचार्यांची यात एकदा चांगलीच फजिती झाली होती. ते म्हणाले, "ऑफिसचे कागद आहेत." मॅडम म्हणाल्या, "आन?" ते म्हणाले, "परिपत्रकं आहेत." मॅडम म्हणाल्या, "आन?" स्टाफरूममधले सगळे पेपर तपासायचं सोडून कान टवकारून बसले. शेवटी प्राचार्य घसा खाकरून म्हणाले, "थोडी गाणी आहेत. मी म्हटलेली." त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही त्यांना स्टेजवर चढवल्याशिवाय राहिलो नाही, आणि खरं सांगायचं तर ते बरं गायले.

नेरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात भगत मॅडम कॉम्प्युटर शिकवायच्या आणि मी मराठी. आता त्या निवृत्त होऊन नागपूरला मुलीकडे राहायला गेल्या आहेत. त्या होत्या तोवर कॉलेजातलं कुणी लॅपटॉप घेऊन यवतमाळच्या दुकानात गेलं नाही. दुरुस्ती लॅबमध्ये करणं त्यांना सोयीचं पडलं असतं, पण त्या करायच्या स्टाफरूममध्ये, कारण बाईंना बघे लागायचे. पदर कमरेला खोचलेला, ओठांत एक स्क्रू धरलेला आणि तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून बोलणं चालूच. मी एकदा म्हटलं, "मॅडम, गिळाल ना!" तर म्हणाल्या, "गिळला तं गिळला. उद्या भेटन सकाळी."

त्यांची हत्यारं स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात असायची. हळदीच्या वाटीत लहान स्क्रू, तिखटाच्या वाटीत मोठे, जिऱ्याच्या वाटीत पेनड्राइव्ह. आम्हा सगळ्यांना त्या विषयाच्या नावाने हाक मारायच्या. मी "काय वं मराठी", राठोड सर "भूगोल". विंडोज टाकताना पडद्यावर एकेक प्रश्न यायला लागले की त्यांना चेव यायचा. "देश कोनता? भाषा कोनती? नाव काय? पोरगी पाहाले आलेले लोकही एवढं विचारत नाईत वं!" पण तो प्रत्येक प्रश्न त्या मोठ्याने वाचायच्या आणि मगच बटण दाबायच्या. वर्गातही त्यांचं हेच पालुपद होतं: "वाच आधी, मंग हो म्हन." एखाद्या मुलाने न वाचता बटण दाबलं, की त्याला त्या तासभर उभं करायच्या.

मेलेली हार्ड डिस्क त्या वर्गात नेऊन उघडायच्या. आतली चकती आरशासारखी लख्ख असते. मुली तिच्यात बघून केस सारखे करायच्या. मॅडम त्यांना सांगायच्या, की एकदा हिचं झाकण उघडलं, की हिच्यातलं कुणालाच परत मिळत नाही, म्हणून सगळं संपल्यावरच उघडायची. आतले चुंबक त्या काढून घ्यायच्या. आमच्या कपाटावर वेळापत्रक चिकटवलेलं असायचं ते त्याच चुंबकांनी.

राठोड सर शांत माणूस. फुलसावंगीच्या पुढे त्यांचा बंजारा तांडा. तांड्यातल्या म्हाताऱ्या बायकांची गोरबोलीतली गाणी फोनवर टिपून ठेवायची, हा त्यांचा छंद. फोन भरला की सगळं लॅपटॉपवर टाकायचे आणि फोन रिकामा करायचे. एका एप्रिलमध्ये, पेपर तपासणीच्या दिवसांत, त्या लॅपटॉपमधून टक टक असा आवाज यायला लागला आणि तो सुरू होईना. मॅडमनी सरांना खुर्चीवर बसवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. सर नावं घ्यायला लागले, पण ती फायलींची नव्हती, बायकांची होती. शेवटी म्हणाले, "आणि झमकीबाई अन् सोनीबाईचा ढावलो. झमकीबाई माझी मावशी. सोनीबाई तिची जाऊ."

"ढावलो म्हंजे?"

"लग्नात नवरी सासरी निघाली, की गळ्यात पडून रडत रडत म्हणायचं गाणं. एक जण ओळ घेते, दुसरी उत्तर देते. आता लग्नात डीजे असतो मॅडम. या दोघींशिवाय आमच्याकडे कोणाला पूर्ण येत नाही."

"दुसरीकडे कुठं ठेवलं काय?"

"नाही. लॅपटॉप होता ना."

एरवी अशा उत्तरावर मॅडमनी माणसाला सोलून काढलं असतं. त्या दिवशी मात्र "पाहू भूगोल," एवढंच म्हणाल्या. सर परीक्षेच्या कामावर यवतमाळला गेले आणि मॅडम कामाला लागल्या. डिस्क बाहेर काढून त्यांनी ती वायरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. ती थोडी चालायची आणि तापली की अडायची. मग मॅडमनी ती पॉलिथिनमध्ये गुंडाळली आणि स्टाफरूमच्या कूलरसमोर स्टुलावर ठेवली. त्या उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत बसलो आणि कूलरची हवा राठोड सरांची डिस्क खात होती. कुणी कुरकुर केली तर मॅडम म्हणायच्या, "पेशंट हाय तो. तुम्ही काय, झाडाखाली जाऊन बसा." काम कुठवर आलं विचारलं तर नुसत्या हसायच्या.

पुढचं सगळं मला बरंच नंतर त्यांनीच सांगितलं, पण ते इथेच सांगून टाकते. गाणी निघाली होती. सगळी. मॅडमनी ती एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, ढावलो तर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलासुद्धा. पण कुणाला सांगितलं नाही. सर लॅपटॉप उघडतील, बायका गायला लागतील, तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं ते भर स्टाफरूममध्ये बघायचं होतं त्यांना. तेवढी हौस होती बाईंना. मग त्यांनी जुनी डिस्क वर्गात नेली आणि काम झालं म्हणून उघडून दाखवली.

नवी डिस्क बसवली. बिनचकतीची, बिस्किटाएवढी. तिच्यावर टाकायला नवं विंडोज हवं होतं, ते एका पेनड्राइव्हवर घ्यायचं होतं. त्यांचा जुन्या विंडोजचा पेनड्राइव्ह काळा होता. गाण्यांचाही काळाच. दोन्ही एकाच प्रशिक्षणात मिळालेले, आम्हा सगळ्यांकडे तसलेच होते. आणि दोन्ही जिऱ्याच्या वाटीत. मॅडमनी एक उचलून लावला. 'यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का?' असं पडद्यावर आलं. राठोड सर तेवढ्यात यवतमाळहून परत येणार होते. मॅडमनी न वाचता हो म्हटलं.

त्या दिवशी मी समोरच बसले होते. विंडोजचे प्रश्न, मॅडमच्या कोट्या, सगळं नेहमीसारखं झालं. मग त्यांनी एक पेनड्राइव्ह लावला, काढला. दुसरा लावला. पुन्हा पहिला. दोन्हीत विंडोजच. मला एवढंच दिसलं, की बाई एकदम गप्प झाल्या आणि मसाल्याच्या डब्याचं झाकण लावायला त्यांना बराच वेळ लागला. सर आत आले आणि टेबलाशी उभे राहिले.

"गेलं सर," मॅडम म्हणाल्या. "डिस्कच मेली होती. नाई निघालं काई."

सर क्षणभर कूलरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही केलं तेवढं सख्ख्या माणसानं केलं नसतं मॅडम." आणि त्यांनी हात जोडले. मॅडमनी मान वर केली नाही.

तेव्हापासून त्या सरांना भूगोल म्हणेनाशा झाल्या. राठोड सर, अहो राठोड सर. सरांनी शेतातली हिरवी तूर आणून दिली तर ती त्यांच्या टेबलावर तशीच सुकली. सर ज्याला त्याला सांगत सुटले, की मॅडमनी माझ्यासाठी कूलर दिला, दिवस दिवस बसल्या. असं काही चाललं की मॅडम वही उचलून वर्गावर निघायच्या, तास असो नसो. मी गंमत म्हणून म्हटलं, "काय हो, कौतुक सोसवत नाही का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं गिळलं. लोकांचे लॅपटॉप घेणंही त्यांनी बंद केलं. कुणी घेऊन आलंच तर म्हणायच्या, "यवतमाळले न्या. माझे हात चालत नाईत आता." आम्हाला वाटलं, वय झालं.

पुढच्या लग्नात दोघींना पुन्हा गायला लावू, असं सर म्हणत होते, पण त्या पावसाळ्यात सोनीबाई गेली. राठोड सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि सहज म्हणून जोडलं, "आता ते गाणं संपलंच." मॅडम उठून व्हरांड्यात गेल्या आणि वाहत्या पन्हळीखाली हात धरून उभ्या राहिल्या. मी बाहेर गेले तर म्हणाल्या, "जा वं तू आत. भिजशील."

दिवाळीच्या सुट्टीत त्या सरांबरोबर त्यांच्या तांड्यावर गेल्या. झमकीबाईचं गाणं पुन्हा टिपून घ्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. नेरहून फुलसावंगी म्हणजे उभा जिल्हा कापायचा, तोही एसटीने, गुडघे दुखत असताना. सरांना भरून आलं. झमकीबाईने मॅडमना भाकर खाऊ घातली, गोष्टी सांगितल्या, लग्नातली हसायची गाणीही म्हटली. ढावलोचं नाव काढल्यावर मात्र तिने तोंड फिरवलं. तिचं म्हणणं असं, की कुणी निघालेलं नाही, कुणी दूर चाललेलं नाही, मग उगाच कशाला रडायचं? उगाच रडू नये. आणि उत्तर कोण देणार? मॅडम हात हलवत परत आल्या.

निवृत्ती उन्हाळ्यात होती. त्याआधी होळीच्या सुमारास त्या मला म्हणाल्या, "मराठी, तांड्यावर चाल माझ्यासंगं. एकटीनं होत नाई." काय होत नाही ते मी विचारलं नाही. यवतमाळला गाडी बदलून आम्ही बसलो. आर्णी गेल्यावर बाहेर उन्हाने पांढरी पडलेली शेतं बघत त्यांनी मला सगळं सांगितलं. कूलर, पेनड्राइव्ह, न वाचता म्हटलेलं हो. सांगताना आवाज चढला नाही, उतरला नाही.

मी म्हटलं, "मुद्दाम थोडंच केलं तुम्ही?"

"पुसलं ते मुद्दाम नाई केलं. खोटं बोलली ते मुद्दामच बोलली ना वं." जरा वेळाने म्हणाल्या, "विहारात दर रविवारी वंदना मी घेतो. मी पुढं म्हनतो, बायका-पोरं मागून म्हनतात. चौथ्या शीलावर आली, का माझी जीभ अडते. मुसावादा वेरमणी. खोटं बोलनार नाई. पोरं वाट पाहून राह्यली असतात, का बाई म्हनत काहून नाई. आता मी मागं बसतो. पुढं दुसरीले बसवलं."

"मग सरांनाच सांगा ना. नेरमध्येच सांगता आलं असतं."

"त्याईचं एकट्याचं होतं काय ते? त्या बुढीचं होतं. अन् सर मले माफ करून टाकतीन गं. तेच नोको मले." फुलसावंगी येईपर्यंत मला वाटत राहिलं, की इतकी वर्षं समोर बसून मी त्यांच्या फक्त कोट्या ऐकल्या.

झमकीबाई दारासमोरच्या बाजेवर बसली होती. खापरासारखा रापलेला चेहरा, डोळे मात्र तरतरीत. आजूबाजूला शेजारच्या बायका काहीबाही निवडत बसलेल्या. बाजेवर जागा होती, पण मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. सर म्हणाले, "अहो वर बसा मॅडम." त्या बसल्या नाहीत. तांड्यात झमकीबाईला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत.

"राठोड सर, मले याडीले काई सांगायचं हाय. ते तुम्ही त्याईच्या बोलीत सांगा. त्याईले नीट समजलं पाहिजे."

"सांगा ना."

"सोनीबाईचं गानं डिस्कमधून निघालं होतं. चांगलं निघालं होतं, सगळंच्या सगळं. मंग ते माझ्या हातानं पुसलं गेलं. पाह्यलं नाई, वाचलं नाई, अन् पुसलं. आन तुमाले सांगतलं का डिस्क मेली. ते खोटं होतं."

सरांच्या कपाळावरची शीर ठळक झाली. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, कधी नव्हे तो. पण ते मावशीकडे वळले आणि गोरबोलीत काहीतरी थोडकंच बोलले. त्यातला 'मशीन' एवढा एक शब्द मला कळला. झमकीबाईने मान हलवली, मशीनचं काय, ते मरायचंच, अशी.

सर त्यांना वाचवत होते. मनात काय चाललं असेल ते असो, पण आपल्या माणसांसमोर त्यांनी पाहुणीची लाज राखली. हे मला कळलं तसं मॅडमनाही कळलं. त्या गुडघ्यांवर पुढे सरकल्या.

"नाई याडी. मशीन नाई." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी. म्या पुसलं."

झमकीबाईने सरांकडे पाहिलं. आता त्यांना खरं सांगावंच लागलं. ते खाली बघून बोलत होते, आणि बोलता बोलता मध्येच थांबत होते. निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मॅडम मात्र हलल्या नाहीत.

मग झमकीबाईने काहीतरी विचारलं.

"ती विचारते," सर म्हणाले. आता ते मॅडमकडे बघत नव्हते. "पुसायच्या आधी तुम्ही ते ऐकलं होतं काय?"

"हो. पूर्ण ऐकलं होतं."

"ती म्हणते, सोनी कशी म्हणत होती?"

मॅडमनी डोळे मिटले. "दम लागत होता त्याईले. याडीची ओळ झाली, का त्या लगेच नाई म्हनत. आधी श्वास घेत. तो श्वास ऐकू यायचा. मंग म्हनत. आवाज बारीक होता, पन थरथरत नोता."

सरांनी ते सांगितलं. झमकीबाई ऐकत होती आणि तिचा खालचा ओठ हलत होता. मग ती बाजेवरून उतरली. मॅडमसमोर जमिनीवर बसली, दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून त्यांना जवळ ओढलं आणि सरांना काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी हळूच विचारलं.

"म्हणते, आता रडायला कारण झालं."

तिने सूर लावला. गाणं म्हणावं की रडणं म्हणावं, मला ठरवता येईना. एक लांब ओळ, मॅडमच्या खांद्यावर डोकं टेकून म्हटलेली, तिच्यात सोनीचं नाव होतं. सरांनी घाईघाईने खिशातून फोन काढला आणि टिपायला सुरुवात केली. ओळ संपली आणि झमकीबाई थांबली. मला वाटलं, विसरली. पण ती विसरली नव्हती. सोनीबाईला श्वास घ्यायला लागायचा तेवढा वेळ तिने जाऊ दिला, सोनीबाईची ओळ म्हणून होईल तेवढा वेळ जाऊ दिला, आणि मग पुढची ओळ घेतली. पुन्हा थांबली. पुन्हा तेवढाच वेळ. त्या रिकाम्या वेळात लांबच्या शेतातला ट्रॅक्टर ऐकू येत होता, आणि एका कोंबडीचं कुरकुरणं. दर वेळी ती थांबली की मॅडमची पाठ आवळून यायची. त्या रडत नव्हत्या. त्या प्रत्येक वेळी सोनीबाईची ओळ ऐकत होत्या.

गाण्यातली शेवटची ओळ सोनीबाईची होती. झमकीबाई तेवढा वेळ थांबली आणि गाणं तिथेच संपलं. मॅडम तिच्या मिठीत मान खाली घालून तशाच बसून होत्या, आणि राठोड सरांना फोन कधी बंद करायचा ते कळेना.